डाव्या टाचेचे चरे

१

गाडीवरचा चरा किती खोल आहे ते मी नखाने बघतो. अंगठ्याचं नख आडवं फिरवायचं. घसरत गेलं तर चरा वरवरचा, दोन पॉलिशचे कागद आणि एकदा बफचं चाक मारलं की गेला. नख अडलं तर बसा घासत. आणि रुतून थांबलंच तर गिऱ्हाइकाला आधी चहा सांगायचा, कारण त्याला वाईट बातमी द्यायची असते.

मोटरसायकलच्या धातूच्या भागांवरचे चरे, ओरखडे, पोचे काढणं हा माझा धंदा. टाकी, सायलेन्सर, इंजिनची कव्हरं, लिव्हर, जे चमकायला हवं आणि चमकत नाही ते माझ्याकडे येतं. इंजिन उघडणारे मिस्त्री मला कमी लेखतात. "तू नुसता पावडर लावणारा," म्हणतात. मी म्हणतो, तुमच्या हाताने गाडी चालते, पण माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. अख्खी गल्ली मला घाशा म्हणते. माझं खरं नाव पोस्टमनलाही विचारून घ्यावं लागतं.

चरे फार चुगलखोर असतात. गिऱ्हाईक सांगतं, "अहो, गाडी नुसती उभी होती, कुणीतरी घासून गेलं." चरा सांगतो, हा शहाणा डावीकडे वळताना स्वतःच आडवा झाला. टाकीच्या मागच्या कडेला बारीक रेघा असल्या की मालकाचं पोट सुटलंय आणि पट्ट्याचं बक्कल टाकीला लागतंय. कुलपाभोवती गोल ओरखडे असले की त्या माणसाला सगळ्या घराच्या किल्ल्या एकाच जुडग्यात बाळगायची सवय आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी ती खोड रोज पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासून काढतो, आणि ती महिनाभरात परत येते. माझं पोट त्याच्यावरच चालतं.

माझी कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली. पुढे पत्र्याचं दार, मागे दोन पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर घर. तिथल्या पहिल्याच खोलीत माझी बायको गाड्यांची सीट कव्हरं शिवते. तिच्या मशीनची घरघर भिंतीतून दिवसभर ऐकू येते. पूर्वी ते मशीन खाली, माझ्या टेबलाशेजारी असायचं. ते वर गेलं त्याला अकरा वर्षं झाली.

२

औषधांच्या दुकानाचा मालक मंगळवारी सकाळी आला. नीटनेटका, एकटा राहणारा माणूस; गाडीवर बसायच्या आधी सीट रुमालाने पुसतो, उतरल्यावर रुमालाची घडी घालतो.

"टाकी बघा जरा," तो म्हणाला. "डावी बाजू. हे माझं काम नाही, आधीच सांगतो."

"सगळे हेच सांगतात."

"मी खरं सांगतोय."

मी खाली वाकलो. टाकीच्या डाव्या अंगाला, खालच्या कडेजवळ, चंद्रकोरीसारखे तीन चरे होते. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. रंग फाडून पत्र्यापर्यंत गेलेले, आणि आतला पत्रा अजून लख्ख. म्हणजे कालपरवाचेच. प्रत्येक चऱ्याच्या एका टोकाला केसाएवढी बारीक शेपटी होती.

मी नख फिरवलं. ते अडलं. पण माझा हात त्याच्या आधीच थांबला होता.

"लहान मूल बसवता का पुढे?" मी विचारलं. "टाकीवर?"

"मूल?" तो हसला. "अहो, माझ्याकडे मांजरसुद्धा टिकत नाही."

मी त्याला दुपारी यायला सांगितलं. तो गेल्यावर दार अर्धं ओढून घेतलं, स्टुलावर बसलो आणि त्या तीन कोरींकडे बघत राहिलो. वर मशीन चालू होतं. मग मी कागद भिजवला आणि कामाला लागलो, कारण दुपारी गाडी द्यायची होती आणि दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

३

आम्हाला एक मुलगी होती. घरात तिला खारू म्हणायचो, कारण ती कशालाही चारी हातपायांनी बिलगून बसायची.

ती माझ्या गाडीवर पुढे, टाकीवर बसायची. उजवा पाय मांडीखाली दुमडून घ्यायची आणि डावा खाली सोडायची. तो पाय कधी स्वस्थ नसायचा. टाच टाकीवर आपटायची, टक टक टक. मग जरा थांबायची. मग पुन्हा तीनदा. मी ओरडायचो, "खारू, टाकी फोडशील!" ती म्हणायची, "बाबा, तुम्ही काढता ना चरे? मग काढा की." तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

तिच्या बुटांच्या टाचा महिन्याभरात झिजायच्या. शेवटी मी टाकाऊ पत्र्यातून चंद्रकोरीएवढ्या दोन पट्ट्या कापल्या आणि टाचांना ठोकून दिल्या. डाव्या पट्टीच्या एका टोकाला कापताना राहिलेली, काट्यासारखी बारीक कूस होती; टाच आपटली की चऱ्याला केसाएवढी शेपटी उठायची. "उद्या घासून देतो," म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. चार दिवसांत सगळं संपलं. ती सहा वर्षांची होती.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. घर माणसांनी भरलं होतं. सगळे मान खाली घालून बसले होते. मला तसं बसता येईना. हाताला काम नसलं की माझं डोकं फिरतं. दहाव्या दिवशी मी खाली आलो आणि स्वतःची गाडी घासायला घेतली. हँडलपासून सुरुवात केली. एकेक भाग करत करत टाकीच्या डाव्या बाजूला आलो, आणि हात चालतच राहिला. माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. दुपारपर्यंत गाडी नवरीसारखी झाली. तिच्यावर एकही चरा उरला नव्हता. त्याच आठवड्यात मी ती विकून टाकली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

बायको त्या दिवशी पायऱ्या उतरून आली होती. तिने टाकीवरून नख फिरवलं. एकदा, मग परत एकदा. मग म्हणाली, "तिची एवढीच खूण होती."

दुसऱ्या दिवशी मशीन वर गेलं. तोवर ती मला अरे-तुरे करायची. लग्नाआधी आम्ही एकाच मालकाकडे कामाला होतो, तिथली सवय. त्या दिवसापासून मी तिचा 'अहो' झालो. लोकांना वाटलं, वय झालं म्हणून मान द्यायला लागली. तो मान मी अकरा वर्षं गिळतोय.

४

औषधवाल्याची गाडी गेल्यावर दोन महिने काही झालं नाही. मी स्वतःची समजूत घातली. माणसाचं वय झालं की त्याला ढगात हत्ती दिसतात. तीन चरे म्हणजे तीन चरे. सायकलचं पेडल लागलं असेल.

मग नळवाला आला. बोलघेवडा गडी, गाडीला दोन्हीकडे पाइपचे तुकडे बांधलेले. इंजिनाच्या डोक्याला हवा लागावी म्हणून पातळ पाकळ्या असतात, त्या त्याने दाखवल्या. डावीकडच्या तीन पाकळ्यांच्या कडा दाबल्या गेल्या होत्या. तीन कोरी. टोकाला शेपटी.

"मुलं आहेत का तुम्हाला?"

"दोन आहेत की. पण एक घोडा बारावीला, दुसरा माझ्याहून उंच. ते कशाला पुढे बसतील?" मग तो जरा ओशाळल्यासारखा म्हणाला, "घाशाभाऊ, हसू नका. हल्ली मला एक वाईट खोड लागलीय. ब्रेक मारला की डावा हात हँडल सोडतो."

"सोडतो म्हणजे?"

"आपोआप पुढे जातो. असा." त्याने तळवा उघडा करून पोटापुढे हवेत आडवा धरला. "माझी मुलं लहान असताना धरायचो ना छातीशी, पुढे आपटू नयेत म्हणून, तसा. पण आता पुढे कुणी नसतं. क्लच सुटतो, गाडी बंद पडते, मागचे लोक शिव्या घालतात."

तो हात मला ओळखीचा होता. अकरा वर्षांपूर्वी माझाही तसाच जायचा.

तो गेल्यावर मी घासायच्या आधी मोजपट्टी लावली. औषधवाल्याच्या गाडीवर खुणा टाकीच्या कडेला होत्या. इथे त्या चार बोटं खाली होत्या.

५

बायको घराच्या मागच्या दाराने दोरा आणायला बाहेर गेली तेव्हा मी वर गेलो. पलंगाखालची ट्रंक ओढली. बूट वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. डाव्या टाचेची पट्टी गंजून तांबडी झाली होती. त्या बुटाने कुणी कुठे काही आपटलं नव्हतं, एवढं तर स्पष्ट होतं.

मी खिशातून मोजपट्टी काढली. बुटाची पट्टी बावीस मिलिमीटर. औषधवाल्याच्या टाकीवरची कोर बावीसच होती, मी वहीत लिहून ठेवलं होतं. नळवाल्याची पंचवीस. शेपटी मात्र दोन्हीकडे त्याच टोकाला, तेवढीच.

बूट वाढत नाहीत. पाय वाढतो, आणि पाय वाढला की टाच खाली पोचते.

हे मनात आलं तेव्हा मी घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, मला एवढा आनंद झाला की मी जमिनीवर बसकण मारली. सहाची होती, आता आठेक वर्षांची झाली असेल. कुणाच्या तरी गाडीवर पुढे बसून फिरतेय. अजून टक टक करतेय. जित्याची खोड मेल्यावरही गेली नव्हती.

"काय करताय?"

बायको दारात उभी होती. माझ्या हातात बूट होता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, दोन्ही गाड्यांचं, वहीतल्या आकड्यांचं, नळवाल्याच्या हाताचं. ती म्हणाली, "बूट जागच्या जागी ठेवा." आणि मशीनवर जाऊन बसली. त्या दिवशी तिचा दोरा सारखा तुटत होता.

६

गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई मोटरसायकल चालवतात, आणि रस्त्याने जाताना चाळीसच्या पुढे काटा जाऊ देत नाहीत. बोलतातही तशाच, मोजून.

"इंजिनात आवाज आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, इंजिन मी बघत नाही."

"इंजिनवाल्याने पाहिलं. त्याला सापडला नाही. तो म्हणाला, कव्हरवर ओरखडे आहेत, ते घाशाकडे न्या." त्या डाव्या बाजूला वाकल्या. "आणि आवाज चालताना येत नाही. सिग्नलला थांबले की येतो. तीनदा टक टक टक. मग अंदाजे चार सेकंद काही नाही. मग परत तीनदा."

वरच्या खोलीत मशीन थांबलं.

बाई गाडी ठेवून गेल्या. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि माझी बायको अकरा वर्षांनी खाली आली. तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. सरळ गाडीपाशी गेली, पदर खोचला आणि उकिडवी बसली. इंजिनाच्या डाव्या कव्हरवर, आणखी चार बोटं खाली, तीन कोरी होत्या. अठ्ठावीस मिलिमीटर. तिने अंगठ्याचं नख फिरवलं, आणि ते तिथेच अडवून ठेवलं.

"हे घासायचं नाही," ती म्हणाली.

"गाडी त्यांची आहे."

"मग त्यांना दुसरं कव्हर लाव." ती वळली. "ऐक. तू घासतोस, म्हणून ती वाढते. प्रत्येक वेळी घासलंस की पुढची खूण आणखी खाली येते. कुठवर जाणार?"

मलाही ते कळत होतं. मुलं दहा-अकराची झाली की पुढे मावत नाहीत, गुडघे हँडलला लागतात. पुढची खूण आणखी खाली आली असती, आणि त्याच्या पुढची कुठेच आली नसती.

"आपण वेड्यासारखं बोलतोय," मी म्हणालो.

"बोलू दे. एकदा घासलंस तू. परत घासशील?"

मी कव्हरचे सहा बोल्ट सोडवले.

७

बाईंना मी नवं कोरं कव्हर लावून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "हे घासून असं होतं?"

"हाताला यश आहे, बाई," मी म्हणालो. अशी थाप मारताना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

जुनं कव्हर आमच्याकडे राहिलं. दोन दिवसांनी बायको म्हणाली, "मशीन खाली घेऊ या का? वर उजेड कमी पडतो." उजेड वरच जास्त आहे. मी आणि शेजारच्या वेल्डरने मशीन उचलून खाली आणलं. टेबलाच्या कोपऱ्यात तिने एक मऊ फडकं अंथरलं आणि कव्हर त्याच्यावर ठेवलं. ॲल्युमिनियम उघडं राहिलं की मलूल पडतं, म्हणून रोज सकाळी ती त्या तीन कोरींवरून तेलाचं बोट फिरवायची. शिवताना मध्येच थांबून हात लावायची.

आम्ही बोलायला लागलो. खारूने एकदा माझ्या बफच्या चाकाला आपल्या बाहुलीचे केस लावून बघितले होते, त्या बाहुलीच्या टकलावरून आम्ही दोघं इतकं हसलो की वेल्डर चौकशीला आला. अकरा वर्षांत आमच्या घरात ते नाव मोठ्याने उच्चारलं गेलं नव्हतं. आता दिवसातून दहादा यायचं.

मी सुखात होतो. ते सुख कशावर उभं आहे हे मला माहीत होतं, आणि मी तिकडे बघत नव्हतो.

८

महिन्याभराने औषधवाला आला. त्याच्या हातात रुमाल नव्हता.

"आता बोला," तो म्हणाला. "हे कुणाचं काम?"

इंजिनाच्या डाव्या कव्हरवर चरेच चरे होते. मी मोजायला लागलो आणि तीसच्या पुढे सोडून दिलं. एकावर एक, सगळे एकाच उंचीवर. नख रुतून बसत होतं. प्रत्येक कोर अठ्ठावीस मिलिमीटर. मी तीन ठिकाणी मोजली. अठ्ठावीसची एकोणतीस झाली नव्हती.

ते मी घासून दिले, पण फडक्यावरच्या तीन कोरी तशाच होत्या. नळवाल्याची गाडी त्याच आठवड्यात आली. तेवढ्याच उंचीवर, कव्हरला मुठीएवढा पोचा. "कुणी हातोडी मारली हो?" तो म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "आणि रस्त्याने जाताना सारखी आपटते. आता तीनदा आपटून थांबत नाही. थांबतच नाही."

तो गेला. बायकोने मशीनचं चाक हाताने थांबवलं होतं.

"कंटाळलीय," ती म्हणाली.

"कोण?" मी उगाच विचारलं.

"सिग्नल लांबला की अशीच करायची. आठवतं? उतरायचंय, उतरायचंय म्हणून लाथा झाडायची." तिने कव्हरकडे पाहिलं, पण त्याला हात लावला नाही. "किती दिवस झाले आपण तिला थांबवून?"

मी तारखा मोजल्या. सहा आठवडे झाले होते.

"आणखी थोडे दिवस," मी म्हणालो. हे मी म्हणालो, तिने नाही. सगळं सांगतोय तर हेही सांगायला हवं.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंची गाडी टेम्पोतून आली. मागून बाई रिक्षाने आल्या. डाव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि हनुवटी सोललेली. मी लावलेलं नवं कव्हर मधोमध फुटलं होतं. आतलं तेल मागच्या चाकावर सांडलं आणि गाडी घसरली. वेग चाळीसच होता म्हणून निभावलं.

"मी पडले तेव्हा दोन्ही हात हँडलवर असते तर मनगट वाचलं असतं," बाई म्हणाल्या. त्या प्रत्येक शब्द तपासून बोलत होत्या. "डावा हात पुढे होता. कुणाला तरी धरल्यासारखा. मी असं का केलं, याचं माझ्याकडे उत्तर नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे आहे का?"

माझ्या बायकोने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "गाडी ठेवून जा, बाई. दुपारपर्यंत नीट होईल. परत असं होणार नाही."

"हे कशावरून?"

"मी सांगतेय म्हणून."

बाईंना असलं उत्तर चालत नसणार. पण त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग उठून गेल्या.

९

बायकोने फडक्यावरून जुनं कव्हर उचललं.

"कागद दे."

"मी करतो."

"नको. तेव्हा तू मला न सांगता केलंस. आता मी करते, आणि तू बस समोर."

मी बादली भरली आणि कागद भिजत घातले. दार पूर्ण उघडं होतं, उन्हं टेबलापर्यंत आली होती. तिने आधी जाड कागद घेतला. हात कसा धरायचा हे तिला सांगावं लागलं नाही. अकरा वर्षं बघितलं नव्हतं, पण त्याच्या आधी दहा वर्षं तेच बघितलं होतं. लहान लहान वाटोळे फेरे. पाणी करडं होऊन तिच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं. आधी शेपट्या गेल्या. मग कोरींच्या कडा बसल्या. मग बारीक कागद, मग त्याहून बारीक. ती रडत होती आणि हात थांबवत नव्हती. मला फार वाटत होतं की तिच्या हातून ते काढून घ्यावं आणि दार लावून, कुलूप घालून तिघांनी आत बसावं. कुणाचं मनगट मोडो नाहीतर मान. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला दोनतीन मिनिटं राहिला.

तिने नख फिरवलं. ते घसरत गेलं. तिने माझा हात ओढून माझंही नख फिरवलं. काही अडलं नाही.

बफ मी मारला. कव्हर कोरडं केलं, बाईंच्या गाडीला लावलं आणि एकेक बोल्ट आवळायला घेतला. बायको दोन पावलांवर, गाडी आणि टेबलाच्या मधल्या बोळात स्टुलावर बसली होती. पाचवा बोल्ट झाला. सहावा आवळला आणि पाना काढला.

गाडी वर आली.

गाडीवर बसलेलं माणूस उतरलं की मागच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि सीट दोन बोटं वर येते. दिवसातून पन्नास वेळा मी ते बघतो. गाडी बाजूच्या स्टँडवर उभी होती, तिच्यावर कुणी नव्हतं, आणि तिची सीट सावकाश दोन बोटं वर आली. स्प्रिंगची ती ओळखीची हलकी कुरकुर झाली. मी मनाशी म्हणालो, स्प्रिंग अडकली असेल, बोल्ट आवळताना सुटली. असं होऊ शकतं. मी आजवर झालेलं पाहिलं नाही, पण होऊ शकतं.

बायकोने गुडघे बाजूला घेतले, त्या अरुंद बोळातून कुणाला जायला वाट द्यावी तसे.

"जपून," ती म्हणाली. "फरशी ओली आहे."

ती माझ्याशी बोलत नव्हती.

काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर मी पळत सुटलो असतो. मी वहीतले आकडे आठवले. बावीस, पंचवीस, अठ्ठावीस. "दहाची असेल," मी म्हणालो. "एवढी झाली असेल." आणि मी तळवा पालथा करून छातीच्या खाली, हवेत धरला.

"नाही," बायको म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हाताखाली बघत होती. "अकरा वर्षं झाली. सतराची आहे ती. हात वर घे."

मी हात खांद्याशी नेला.

"आणखी. मान खाली घालून उभी आहे ती. हात काढ, तिला वर बघू दे."

मी हात वर घेतला. खाली बघायचं धाडस माझं झालं नाही. मी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि तिची नजर माझ्या हाताच्या मागोमाग, हळूहळू, वर चढत गेली.